गाडी कुठे लावली होती

वाळवंटात कुठे जेवायचं आणि कुठे राहायचं हे विचारायला आयर्लंडमधल्या नास गावच्या एका मराठी जोडप्यानं मला रविवारी जेवायला बोलावलं. तसं ते फोनवरही विचारता आलं असतं. पण माझी बायको गेल्यापासून मला काही विचारायचं असलं की लोक आधी जेवायला बोलावतात, आणि मी जातो.

ते दोघं आमच्याहून बरेच लहान. तो इथल्या एका औषधांच्या कारखान्यात आहे, ती घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते. त्याला कामासाठी महिनाभर कॅलिफोर्नियात जायचं होतं. ते संपलं की तिथूनच गाडी घेऊन सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या त्या लांबच लांब द्वीपकल्पावर, वाळवंटातून खाली समुद्रापर्यंत जायचं त्यांनी ठरवलं होतं. तिची आई अमरावतीहून आली होती, तीही बरोबर जाणार होती. आमच्या ओळखीत त्या रस्त्यानं गेलेले फक्त आम्ही दोघं. त्यातली सगळं सांगू शकणारी एक, ती गेल्या हिवाळ्यात डब्लिनमधल्या ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात वारली. उरलो मी.

मी लिक्सलिपच्या माझ्या घरून निघालो तेव्हा त्यांचे दोन रिकामे डबे पिशवीत घेतले होते. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत हे मला माहीत आहे. बायको असताना आमच्या घरून कधी गेला नाही, अगदी काही नसलं तर मूठभर साखर तरी ती घालायची. मी महिनोन्‌महिने लोकांचे डबे घासून, पुसून, रिकामे परत देत आलो आहे. त्या दिवशीही तसेच दिले. त्या मुलीनं ते हसून घेतले आणि प्रेसमध्ये ठेवले. प्रेस म्हणजे इथे कपाट. आम्ही सगळेच आता तसं म्हणतो.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसलो. तिची आई ओट्याजवळ भाकऱ्या थापत होती. ती माझ्याहून थोडीच मोठी असावी, पण मला भाऊ म्हणत होती.

"दादा, आता खरं सांगा," ताटं मांडता मांडता ती मुलगी म्हणाली, "आमच्याकडे आलात की तुमची ॲसिडिटी. दिवाळीला ॲसिडिटी, गणपतीला ॲसिडिटी, आमच्या घरभरणीला तर तुम्ही नुसतं पाणी प्यालात. आणि तिकडे रस्त्यावरच्या टपरीत बकऱ्याच्या मटणाच्या तीन प्लेटा?"

"तीन?" मी म्हणालो.

"वहिनी तर तीनच म्हणाल्या. तिसरी मागितलीत तेव्हा ती बाई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली म्हणे."

"अगं, माणूस ग्रँडच होता, ठणठणीत," तिचा नवरा म्हणाला. "ॲसिडिटी तुझ्या रश्श्याची होती. बोलून कोण दाखवणार?"

"हो ना! आणि मी वेडी दर वेळी त्यांच्यासाठी वेगळं बिनतिखटाचं करत होते."

दोघंही हसले. आईसुद्धा भाकरी उलटताना हसली. मीही हसलो. हसताना मला कळत होतं की माझ्या बायकोनं या घरात, याच टेबलाशी बसून, मी कधी न खाल्लेल्या जेवणांच्या हकिकती सांगितल्या होत्या, आणि त्या इतक्या चांगल्या सांगितल्या होत्या की आता त्यांच्या आधारानं तीन माणसं वाळवंटात निघाली होती.

तिनं तसं का केलं असेल ते मला लगेच समजलं. म्हणजे मला तसं वाटलं.

माझे वडील गेले तेव्हा मी वेळेवर पोचलो नाही. डब्लिनहून निघून घरी जाईपर्यंत सगळं उरकलं होतं. अग्नी चुलतभावानं दिला. दहाव्याला गुरुजींनी मुलानं वर्षभर काय काय पाळायचं असतं ते सांगितलं, त्यात परान्न घ्यायचं नाही हेही होतं. दुसऱ्याच्या हातचं, बाहेरचं काही खायचं नाही, घरच्या चुलीवरचंच खायचं. चुलतभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू ऐकून घे फक्त. तिकडे आयर्लंडमध्ये कोण पाळतंय." मी काही बोललो नाही. परतीच्या विमानात जेवणाचा ट्रे आला तो मी न उघडता परत दिला. शेजारी बायको होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वर्षभर?"

"वर्षभर."

"बरं," ती म्हणाली. पर्समधून तिनं दशमी काढली. सासरहून निघताना तिनं स्वतः भाजून घेतलेली होती.

याविषयी मी कोणालाच सांगितलं नाही. सांगण्याची सोयच नव्हती. महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा मराठी माणसं वाचनालयाच्या एका खोलीत जमून काही वाचतो, आणि त्याआधीच्याच वर्षी मी तिथे एक निबंध वाचला होता. मेलेल्या माणसासाठी पाळायचे नियम हे खरं तर जिवंत माणसाच्या भीतीसाठी असतात, असं त्यात मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं होतं. लोकांना तो आवडला होता. पुढे वर्षभर मी सगळ्यांच्या घरी गेलो आणि सगळीकडे पोट धरून बसलो. ॲसिडिटी हा शब्द बायकोनं शोधून काढला. मी मान हलवली.

मेक्सिकोचं त्याआधीच ठरलेलं होतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दारावर तिनं त्या द्वीपकल्पाचा नकाशा चिकटवला होता. चहा होईपर्यंत ती त्याच्यासमोर उभी राहायची. कुठल्या गावात काय खायचं हे ती रोज रात्री वाचून काढायची आणि मला वाचून दाखवायची. ती कोल्हापूरची. रस्त्यावरचं, चुलीच्या धुरातलं, तिखट, हातानं खायचं असं काही दिसलं की तिची चाल बदलायची. मी म्हणालो, पुढच्या वर्षी जाऊ. ती म्हणाली, "कुकर घेऊन जाऊ."

म्हणून आम्ही इथून छोटा विजेचा कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट आणि तुपाची बरणी घेऊन वाळवंटात गेलो. मी कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो, माझं शिक्षण विजेचं आहे. तरी मेक्सिकोत विजेचा दाब इथल्या निम्माच असतो, आणि निम्म्या दाबावर हा कुकर जेमतेम कोमट होतो, हे मला पहिल्या मुक्कामी कळलं. भात संध्याकाळी लावला तो काही केल्या शिजेना. मग दुसऱ्या दिवसापासून ती दुपारीच स्टीलच्या डब्यात तांदूळ भिजत घालून तो पायाशी ठेवू लागली. गाडीतल्या उन्हानं पाणी गरम व्हायचं. मुक्कामाला पोचलं की आधी ती खोलीतलं विजेचं सॉकेट शोधायची. बहुतेक पलंगामागे, जमिनीलगत असायचं. तिथे फरशीवर बसून ती झाकणावर हात ठेवून वाट पाहायची. मी पलंगावर पाठ टेकून वाचत असायचो. त्या प्रवासात मी खूप वाचलं.

आता त्या टेबलाशी बसून मला हे सगळं आठवत होतं आणि माझ्या ताटात नासच्या त्या मुलीच्या आईनं थापलेली भाकरी पडत होती. वडिलांसाठी मी वर्षभर परान्न घेतलं नाही. बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी याच घरातून वांग्याची भाजी आली होती आणि ती मी सगळी खाल्ली. भूक लागली होती. बायकोसाठी कोणी असं काही पाळतं का, हे मी कोणाला विचारायलासुद्धा गेलो नाही.

"मला सगळं नीट लिहून घेऊ दे," मुलगी फोन हातात घेऊन बसली. "दादा, ते मोठमोठे दगड आणि ती उंच निवडुंगं लागतात, तिथे पेट्रोल पंप नाही ना?"

"नाही. रस्त्याच्या कडेला माणसं पिंपं घेऊन बसतात. पण आधीच टाकी भरून घ्या."

"आणि तिथून पुढे खायला काहीच नाही? त्या मटणवाल्या बाईपर्यंत?"

"काहीच नाही."

"म्हणजे आईची सुई तिथे पोचल्यावरच. तिचं इन्शुलिन आहे ना, सुई घेतली की लगेच जेवायला लागतं. तिथे पोळ्या कसल्या असतात? गव्हाच्या की मक्याच्या?"

"गव्हाच्या," मी म्हणालो.

तिनं लिहिलं. मला ते माहीत नव्हतं.

"उघडतं किती वाजता?"

"सकाळीच."

तेही तिनं लिहिलं. किती सहज बोलत होतो मी. प्रश्न आला की तोंडातून उत्तर बाहेर पडत होतं, आणि ते बायकोच्या गोष्टीशी जुळेल असंच पडत होतं. मला वाटत होतं मी तिची बाजू सांभाळतोय. मेलेल्या माणसाला खोटं कसं पाडायचं?

आईनं हात धुतले, फ्रिजमधून इन्शुलिनचं पेन काढलं, पाठमोरी होऊन पोटावर टोचलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. स्वतःच्या ताटातली भाकरी लगेच मोडली. पहिला घास खाता खाता तिनं मला विचारलं, "लय तिखट असते काय भाऊ तिथलं? मले जमन काय?"

तिच्या तोंडात घास होता आणि ती माझ्याकडे उत्तरासाठी बघत होती. मी सांगितलं तेवढ्यावर ती त्या ओसाड रस्त्यावर सुई घेणार होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिथे जेवलो नाही."

"म्हणजे?" मुलगी म्हणाली.

"कुठेच जेवलो नाही. त्या सगळ्या प्रवासात."

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. "दादा, आता पुन्हा ॲसिडिटी नका सांगू हं."

मग मी सांगितलं. वडिलांचं, गुरुजींचं, विमानातल्या ट्रेचं, कुकरचं. सांगताना मी ताटाकडे पाहत होतो. ॲसिडिटी कधीच नव्हती, तुमच्या घरचं बिनतिखट वेगळं जेवण मी उगाच करायला लावलं, हेही सांगितलं. पोळ्या कसल्या आणि दार कधी उघडतं ते मी आत्ता मनानं सांगितलं, ते खोडून टाक, असं म्हणालो. 

नवऱ्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. तो चांगला मुलगा आहे. "अहो, त्यात काय एवढं," तो म्हणाला. "आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही काय हसलो असतो?"

"हसलो असतो," त्याची बायको म्हणाली. "तो निबंध ऐकून बसलेलो आपण. खूप हसलो असतो." मग म्हणाली, "पण वहिनी खोटं बोलल्या? आमच्याशी?"

"माझ्यासाठी बोलली," मी म्हणालो. "माझी लाज राखायला."

हे मला पटलेलं होतं आणि सांगताना, खरं लिहायचं तर, थोडं बरंही वाटत होतं. एवढं करणारी बायको होती मला, असं.

आईनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "मंग तिनं काय खाल्लं?" तिनं विचारलं.

"माझ्याबरोबरच. भात."

"काहून?"

मला प्रश्नच कळला नाही.

"बाप तं तुमचा गेला होता, भाऊ. तिचा थोडीच गेला होता? तिनं काहून नुसता भात खावा?"

"आई," मुलगी म्हणाली.

"इचारलं फक्त."

तिनं स्वतःच ठरवलं होतं, असं सांगणार होतो. पण तिनं काही ठरवल्याचं मला आठवेना. मी तिला तूही खाऊ नकोस असं म्हणालो नव्हतो. तू खा असंही म्हणालो नव्हतो. हा विषय माझ्या मनातच आला नव्हता. माझा नियम म्हणजे आमचा नियम असं मी धरून चाललो होतो आणि ती तो मुकाट्यानं पाळते आहे असंही.

"पण आई, त्यांनी खाल्लं होतं," मुलगी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"खाल्लं होतंच. मला करून दाखवलं ना त्यांनी, इथेच, या ओट्यावर. तो रस्सा. ती मिरीएवढी गोल मिरची असते ना तिकडे, ती कोणीतरी अमेरिकेहून आणली होती त्यांच्यासाठी. मी चुरायला घेतली तर माझा हात धरला. म्हणाल्या, बोटांनी चुरू नकोस, चमच्याच्या पाठीनं चूर. म्हणाल्या, मी तिकडे त्या टपरीत बोटांनी चुरली, रस्सा ओरपला आणि मग तोच हात डोळ्याला लावला. दिवसभर डोळा लालभडक. ती बाई धावत दूध घेऊन आली, डोळ्यात घालायला. हे कोणी न खाता सांगेल का?"

मला तो डोळा आठवला.

दुपार होती, टायर दुरुस्तीच्या एका दुकानाजवळ थांबलो होतो. मी गाडीत वाचत बसलो होतो. ती नेहमीसारखी पाण्याच्या बाटल्या भरून आणते म्हणून गेली होती. तिला जरा वेळ लागला. आली तेव्हा तिचा एक डोळा लाल होता, पाणी गळत होतं, नाकही लाल होतं. मी पुस्तकातून वर पाहिलं आणि मला वाटलं, ती रडून आली आहे. माझ्या वडिलांसाठी असेल, किंवा या अशा प्रवासासाठी असेल, जिथे ती नकाशातल्या एकेका खाणावळीसमोरून नुसती पुढे जात होती. मला काही विचारायचं धाडस झालं नाही. "धूळ फार आहे," मी म्हणालो. "हो," ती म्हणाली. मी पुन्हा पुस्तक उघडलं.

नंतर कितीतरी वर्षं मी ते रडणं मनात बाळगून होतो. ब्युमॉन्टला तिच्या खाटेशेजारी बसलो होतो तेव्हाही त्याविषयी विचारावं असं वाटलं होतं. विचारलं असतं तर ती केवढी हसली असती. ती मिरची होती.

मग बाकीचंही आठवायला लागलं. पाणी भरायला तिला प्रत्येक ठिकाणी वेळ लागायचा. परत आली की तिच्या बोटांना लिंबाचा आणि लाकडाच्या धुराचा वास यायचा. खजुराच्या झाडांचं गाव होतं, तळ्याकाठचं, तिथे तर ती जुनं चर्च बघून येते म्हणाली होती आणि येताना गुणगुणत आली होती. संध्याकाळी भात शिजला की माझ्या ताटात भरपूर वाढायची आणि स्वतः थोडासा घ्यायची. "उन्हानं भूक मेलीय," म्हणायची. मला वाईट वाटायचं. मी तिला आग्रह करायचो आणि भरल्या पोटानं ती माझ्यासाठी पुन्हा दोन घास खायची.

म्हणजे तिनं काही रचलं नव्हतं. ती बाई होती, तो रस्सा होता, कंबरेवर हात ठेवून बघणंही असेल. तिसरी प्लेट मागणारी ती स्वतः असेल. तिच्या सगळ्या हकिकतींत खोटा फक्त मी होतो. नवरा गाडीत पुस्तक वाचत बसला होता आणि मी चोरून एकटीच जेवले, असं चारचौघांत सांगायला तिला कसं वाटलं असतं? म्हणून तिनं मला तिथे तिच्या शेजारी बसवलं. वाढलंही तिनंच.

लाज राखली होती हे खरंच होतं. फक्त ती माझी नियमाची लाज नव्हती. तिला माझ्यामुळे वाटणारी लाज होती. हे मला त्या टेबलाशी, दुसऱ्यांच्या घरचं जेवण पुढ्यात असताना समजलं, आणि समजल्यावरही मी जेवत राहिलो, कारण ताटात टाकून उठणं आणखी वाईट दिसलं असतं.

जेवणानंतर मुलीनं फोन पुन्हा घेतला. ती आता सांभाळून बोलत होती. "बरं, जेवणाचं वहिनींचं आहे माझ्याकडे. तुम्ही राहायचं सांगा."

ते मात्र मला येत होतं. मी पलंगावर पाठ टेकून बसलो होतो ना. सांगितलं, दगडांच्या भागातलं हॉटेल दिवे लवकर घालवतं, जनरेटरवर आहे, फोन आधी चार्ज करा, आणि आईसाठी टॉर्च ठेवा. मिठागरांच्या गावात रस्त्याकडची खोली घेऊ नका, रात्रभर ट्रकांची ये-जा थांबत नाही, मागच्या अंगणातली मागा. खजुरांच्या गावात उतरा, एक दिवस जास्त राहा. तिथे खोल्यांच्या भिंती जाड आहेत, आत थंड असतं, गरम पाणी सकाळीच येतं. इन्शुलिन ठेवायला फ्रिज खोलीत नसतो, पण मालकाला विचारलं तर त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवतात; आम्ही तूप ठेवलं होतं. सॉकेटं पलंगामागे शोधा. तिनं सगळं लिहून घेतलं.

"आणि ती खाणावळ नेमकी कुठे? पाटी आहे?"

"पाटी नव्हती. टायर दुरुस्तीचं दुकान आहे, बाहेर टायरांची उतरंड रचलेली. त्याच्या समोर."

निघताना मला काहीतरी द्यावंसं वाटलं. मी म्हणालो, "कुकर अजून आहे माझ्याकडे. आईंसाठी घेऊन जा. दाबाचं मी करून देतो काहीतरी, ट्रान्सफॉर्मर बसवून देतो. वेळेवर दोन घास तरी होतील, कुठे अडायला नको." बोलताना मला ते खरंच चांगलं वाटलं. तो माझ्या घरातून जाईल आणि कोणाच्या तरी उपयोगी पडेल, असं.

मुलगी हो म्हणणार होती, पण आईनं हात हलवला. "नको भाऊ. बिस्किटं राहतीनच जवळ, सुईची काळजी नोका करू. पन भात मी घरी खाते. तुमची बाई चुपचाप खाऊन आली, मी बसून खाईन."

आणि तिनं माझ्या हातात डबा दिला. भाकऱ्या आणि झुणका होता. मी तो घेतला.

ते लोक शरद सरता सरता गेले. इथे संध्याकाळ लवकर व्हायला लागली होती. मी कारखान्यातून येऊन दिवा लावून बसलो होतो तेव्हा फोनवर फोटो आला. लाकडी टेबल, प्लास्टिकचं फुलाफुलांचं आच्छादन, समोर खोलगट वाडगा, आणि त्यामागे आई. अंगात स्वेटर, पायात मोजे, मांडी घालून खुर्चीत बसलेली. हातात पोळी होती. गव्हाची असावी, पांढरी होती. पोळी रश्श्यात बुडवलेली होती आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

खाली मुलीनं लिहिलं होतं, 'सुई वेळेवर. दोन वाडगे झाले. तिसरा मागतेय.'

मी बराच वेळ फोटो पाहत होतो. फार आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ तिथे एकटी जेवलेली बायको आठवली.

मग पुन्हा मेसेज आला. 'दादा, टायरचं दुकान सापडलं. तुम्ही गाडी कुठे लावली होती?'

अख्ख्या प्रवासातल्या जेवणांविषयी मला विचारता येईल असा तेवढा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. मी लिहिलं, 'दुकानाच्या भिंतीला लागून, सावलीत. तोंड रस्त्याकडे.' पाठवलं. मग वाटलं, तिनं आणखी काही विचारायच्या आत सांगून टाकावं. म्हणून लिहिलं, 'तिथून खाणावळीच्या आतलं काही दिसत नाही.'

उत्तर यायला थोडा वेळ लागला. ती चालत गेली असावी.

'दिसतं की,' तिनं लिहिलं. 'मी आत्ता तिथेच उभी आहे. दार उघडंच आहे. आई दिसतेय, वाडगासुद्धा दिसतोय.'